पिस्तूल निवडताना आधी हात बघा, मग किंमत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत रेंजवर नेमबाजी करणाऱ्यांनी कुठलं पिस्तूल घ्यावं यावर अर्धं पान आलं होतं, पिस्तुलांच्या किमतींच्या तक्त्यासकट. मी ते दोनदा वाचलं आणि मंगळवारी आमच्या रेंजवर एक वडील त्याचं कात्रण घडी घालून खिशातनं घेऊन आले, सोबत मुलगी, बारावी झालेली, तीन वर्षं एअर पिस्तूल (हवेच्या दाबावर चालणारं) मारतेय, आता पॉइंट टू टू वर, म्हणजे .२२ बोअरच्या गोळीच्या पिस्तुलावर, जायचं म्हणतेय. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, ताई यातलं सगळ्यात चांगलं कुठलं ते सांगा, कर्ज काढायची तयारी आहे. मी त्यांना म्हटलं आधी हिचा हात बघू या. त्यांना वाटलं मी विषय टाळतेय. तसं नव्हतं, आणि तेच नीट सांगावं म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय, जमलं तर सगळं छापा.

मी कोल्हापूरची. नेमबाजी सुरू केली तेव्हा वय अडतीस, नोकरी चालू, मुलगा आठवीत. आज बारा वर्षं झाली, मास्टर्स गटात राज्य स्पर्धा खेळते आणि रविवारी नव्या मुलींना शिकवते. मी काही मोठी खेळाडू नाही पण चुकीचं पिस्तूल घेतल्यावर काय होतं ते मी स्वतःच्या हातानं भोगलंय, त्यामुळं त्यावर बोलायचा हक्क मला आहे असं मला वाटतं.

आधी एक गोंधळ दूर करते कारण तुमच्या लेखात तो तसाच राहिलाय. आपल्याकडं पिस्तूल म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर येतं ते संरक्षणासाठी लायसनवर घेतलेलं, बत्तीस बोअरचं, ऑर्डनन्स फॅक्टरीचं अशनी वगैरे. ते सेमी ऑटोमॅटिकच आहे, ट्रिगर दाबला की एक गोळी जाते, केस, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, बाहेर पडते, पुढची गोळी आपोआप चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या खोबणीत) चढते. पण ते खिशाजवळ बाळगायला बनवलंय. नळी आखूड, नेम धरायच्या दोन साइट बारीक आणि जवळजवळ, ट्रिगर जड. ते घेऊन पंचवीस मीटरवर एका हातानं टार्गेटच्या मध्यावरचा दहाचा आकडा शोधायचा म्हणजे चपलेत पळायच्या शर्यतीत उतरण्यासारखं आहे. रेंजवर असे लायसनवाले येतात, पन्नास राउंड मारतात, नेम लागला नाही म्हणून नाराज होऊन जातात. आणि अमेरिकन व्हिडिओ बघून नऊ एमएम विचारणारे तर दर आठवड्याला एक तरी असतात, त्यांना सांगावं लागतं की नऊ एमएम पॅराबेलम आपल्याकडं प्रतिबंधित बोअरमध्ये येतं, सामान्य माणसाला त्याचं लायसन मिळत नाही.

खेळाचं पिस्तूल म्हणजे पॉइंट टू टू लाँग रायफलचं मॅच पिस्तूल. महिलांची पंचवीस मीटर पिस्तूल स्पर्धा याच्यावर होते, पुरुषांची स्टँडर्ड पिस्तूल आणि रॅपिड फायर पण. आपल्या राही सरनोबतनं २०१३ ला कोरियातल्या चांगवॉनच्या वर्ल्ड कपमध्ये सोनं घेतलं, २०१८ च्या एशियन गेम्समध्ये थायलंडच्या नेमबाजाशी ३४-३४ बरोबरी झाल्यावर शूटऑफमध्ये सोनं घेतलं आणि एशियाडमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली, ते या प्रकारात. कोल्हापुरात त्या दिवशी काय वातावरण होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. स्वप्नील कुसळेचं पॅरिस ऑलिंपिकचं ब्राँझ रायफलचं आहे, तेजस्विनी सावंतची वर्ल्ड चॅम्पियनशिप पण रायफलची, त्याबद्दल अभिमान आहेच पण पिस्तुलाचं गणित वेगळं आहे. रायफलीला खांदा असतो, जाकीट असतं, पट्टा असतो. पिस्तुलाला फक्त एक हात, सरळ लांब केलेला, मनगट मोकळं, कसलाही आधार नाही. आपलं शरीर आणि पिस्तूल यांची भेट फक्त एका जागी होते, तळहातात. म्हणून मी हातापासनं सुरू करते.

आता माझी गोष्ट. एअर पिस्तूल दोन वर्षं मारून झाल्यावर मी पॉइंट टू टू घ्यायचं ठरवलं. एका जुन्या खेळाडूचं सेकंडहँड मिळत होतं, युरोपातल्या चांगल्या कंपनीचं, ज्या माणसानं ते वापरलं त्यानं त्याच्यावर नॅशनलचे मेडल घेतलेले. सगळे म्हणाले डोळे झाकून घे. घेतलं. लायसनवर चढवायला सात महिने गेले, ते एक वेगळंच पुराण. पहिल्या दिवशी हातात घेतलं तेव्हा जाणवलं होतं की ग्रिप, म्हणजे हातात धरायची लाकडी मूठ, जाडजूड आहे, माझी बोटं समोरून वळून पूर्ण येत नाहीत, पण वाटलं सवय होईल. पिस्तूल मोठ्या खेळाडूचं, दोष असला तर माझ्यातच असणार.

आठ महिने मी खाली डावीकडं मारत होते. साइट सरकवली की पाच पाच गोळ्यांच्या दोन सिरीज बरोबर, परत खाली डावीकडं. आमचे सर म्हणायचे ट्रिगर जर्क करतेस, म्हणजे झटक्यानं ओढतेस. मी रात्री भिंतीसमोर उभी राहून ड्राय करायची, म्हणजे गोळी न घालता नुसता ट्रिगर दाबायची, शंभर शंभर वेळा, उजवा खांदा इतका दुखायचा की सकाळी कणीक मळता येत नव्हती. जर्क गेला नाही. रॅपिडच्या, म्हणजे झटपट मारायच्या, सिरीजमध्ये तर आणखी वाईट, कारण तिथं तीन सेकंद टार्गेट मिळतं, सात सेकंद थांबायचं, हात पंचेचाळीस अंशात खाली, हिरवा दिवा लागला की वर उचलून एक गोळी, असं पाच वेळा, आणि माझी दर सिरीजची पहिली गोळी दहाला आणि पाचवी सातला. मी सोडायच्या बेतात होते. घरी बोलून पण दाखवलं.

मग राज्य स्पर्धेच्या वेळी पुण्यात, बालेवाडीला, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका वयस्कर कोचनी माझा हात बघितला. काही न बोलता पेन्सिल घेतली, मी ग्रिप धरलेली असताना अंगठ्याच्या कडेनं लाकडावर रेघ ओढली आणि म्हणाले पाच मार. मारले. पिस्तूल खाली ठेवायच्या आत त्यांनी अंगठा आणि रेघ दाखवली, दोघांत बोटभर अंतर पडलं होतं. दर गोळीला पिस्तूल हातात फिरत होतं. मग म्हणाले बोट दाखव. माझं बोट ट्रिगरवर जेमतेम टोकानं पोचत होतं, नखाजवळच्या भागानं. अशा बोटानं ट्रिगर सरळ मागं येत नाही, उजव्या हातवाल्याचं पिस्तूल डावीकडं ढकललं जातं. आठ महिने जो जर्क जर्क म्हणून मी स्वतःला दोष देत होते तो तिथनं येत होता, आणि पिस्तूल उत्तम होतं, फक्त माझ्यापेक्षा दीडपट मोठ्या पंजाच्या पुरुषासाठी कोरलेलं होतं.

ग्रिप काढली, कानस घेतली, मागची बाजू आणि तळहाताचा फुगवटा कमी केला, जिथं पोकळ वाटत होतं तिथं लाकडाची पुटी भरली, ट्रिगरचा शू, म्हणजे बोट टेकायचा भाग, दोन पेच सैल करून मागं सरकवला. तीन आठवडे रोज थोडं घासायचं, मारून बघायचं, परत घासायचं. त्यानंतर गोळ्या मध्यावर आल्या. माझा हात तोच होता आणि पिस्तूल पण तेच.

म्हणून ज्यांना रेंजसाठी पिस्तूल घ्यायचंय त्यांना मी सांगते की कंपनीचं नाव विचारायच्या आधी हे बघा. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून, सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण) घालून, रेंजवरच्या जबाबदार माणसासमोर ते हातात घ्या. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी ग्रिपच्या वर जेवढी जाईल तेवढी घट्ट बसली पाहिजे, कारण नळी हाताच्या जितकी जवळ तितकं गोळी सुटल्यावर नळीचं तोंड कमी उडतं. मधलं बोट ट्रिगरगार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीच्या, खाली टेकलं पाहिजे. तर्जनीचं पहिलं पेर, म्हणजे पेराच्या मधला मऊ भाग, ट्रिगरवर यायला हवं आणि ते बोट लाकडाला कुठंही घासता कामा नये, बोट आणि लाकूड यांच्यातनं कागद सरकला पाहिजे एवढी फट हवी. मग डोळे मिटून हात टार्गेटच्या दिशेनं उचला, दोन श्वास थांबा आणि डोळे उघडा. फोरसाइट (पुढची साइट) बॅकसाइटच्या (मागच्या साइटच्या) खाचेत मधोमध दिसते का बघा. एकदा बघून उपयोग नाही, दहा वेळा बघा. दहातनं आठ वेळा फोरसाइट डावीकडं चिकटलेली दिसली तर ग्रिप तुमचं मनगट वळवतेय. वर किंवा खाली दिसली तर ग्रिपचा कोन तुमच्या मनगटाला जमत नाहीये. मनगट पिळून साइट जुळवायची सवय लावून घेऊ नका, दमलात की मनगट आपल्या जागी परत जातं आणि गोळी त्याच्या मागं जाते.

ग्रिपला साइझ असतात, स्मॉल, मीडियम, लार्ज, काहींना एक्स्ट्रा स्मॉल पण, आणि डावखुऱ्यांसाठी वेगळ्या. हे विकत घेताना विचारायचं असतं हेच पुष्कळांना माहीत नसतं. आपल्याकडं जे उपलब्ध असतं ते बहुतेक मीडियम किंवा लार्ज, उजव्या हाताचं. मुलींचं आणि डावखुऱ्यांचं नुकसान तिथंच सुरू होतं. डावखुऱ्यांची आणखी एक गोष्ट, बहुतेक पिस्तुलांची केस उजवीकडं उडते आणि डाव्या हातात धरलं की ती अंगाच्या, तोंडाच्या दिशेनं येऊ शकते, त्यामुळं चष्मा आणि टोपी याबाबतीत हयगय नको आणि घ्यायच्या आधी मारून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं हे पण लक्षात ठेवा, मे महिन्यात चपखल बसवलेली ग्रिप ऑगस्टमध्ये घट्ट होते. थोडी जागा सोडा. ग्रिप सुताराकडं न्यायची असेल तर ती पिस्तुलावरनं काढून फक्त लाकूड न्या, हत्यार रेंजच्या आर्मरीत किंवा घरच्या कुलपात राहू द्या. लायसनवरचं हत्यार दुसऱ्याच्या हातात ठेवून यायचं नसतं.

ट्रिगरबद्दल. नियमानं पॉइंट टू टू ला ट्रिगरचं वजन कमीत कमी एक हजार ग्रॅम हवं, एअर पिस्तुलाला पाचशे. म्हणजे एअर पिस्तूलवरनं आलेल्या मुलीला ट्रिगर एकदम दुप्पट वाटतो आणि ती म्हणते हे पिस्तूल कडक आहे. कडक नाही, नियम तसा आहे. स्पर्धेआधी इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे साहित्याच्या तपासणीला, एक किलोचं वजन ट्रिगरला अडकवून पिस्तूल उभं उचलतात, ट्रिगर सुटला की नापास, त्यामुळं हजारावर थोडं वरच ठेवलेलं बरं. वजन महत्त्वाचं नाही असं मी म्हणत नाही, पण ट्रिगर दोन टप्प्यांत मागं येतो आणि वजनाहून महत्त्वाचं आहे ते दुसरी स्टेज कशी सुटते ते. पहिली स्टेज मोकळी यायला हवी, मग एक स्पष्ट भिंत लागायला हवी आणि भिंतीवरनं सुटताना बोटाला घसरण किंवा कचकच जाणवता कामा नये. दुकानात शोकेससमोर हे कळत नाही, ड्राय करून बघावं लागतं, आणि इथं एक खबरदारी, पॉइंट टू टू रिमफायर आहे, पिन काडतुसाच्या कडेवर आदळते, रिकाम्या चेंबरवर ट्रिगर मारत बसलं तर पिन आणि चेंबरची कड दोन्ही खराब होऊ शकतात. मॅच पिस्तुलांना ड्रायसाठी वेगळी सोय असते ती वापरायला शिकून घ्या, नसेल तर स्नॅप कॅप, म्हणजे सरावाचं खोटं काडतूस, घाला.

नियमाची बाकीची मापं थोडक्यात, कारण ती घ्यायच्या आधी माहीत पाहिजेत. एकूण वजन १४०० ग्रॅमच्या आत, नळी १५३ मिलिमीटरपर्यंत, दोन साइटमधलं अंतर २२० मिलिमीटरपर्यंत, आणि पूर्ण पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. बहुतेक मॅच पिस्तुलं मुळात अकराशे बाराशे ग्रॅमच्या आसपास असतात, वर जोडवजनं लावायची सोय असते. मुलगे हौसेनं सगळी वजनं लावतात. माझं मत असं की पहिलं वर्ष एकही लावू नका. प्रिसिजनच्या (सावकाश नेम धरून मारायच्या) तीस आणि रॅपिडच्या तीस अशा साठ गोळ्या झाल्यावर हात खाली येतो तेव्हा ते शंभर ग्रॅम जाणवतात. प्रिसिजनच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं, रॅपिडच्या टार्गेटवर १०० मिलिमीटरचं, म्हणजे रॅपिडला जागा जास्त आहे पण वेळ नाही, आणि दोन्हीला पिस्तूल एकच वापरायचं असतं. नुसतं प्रिसिजनला छान वाटलं म्हणून घेऊ नका, हात खालून वर उचलताना साइट आपोआप जुळून येते का तेही बघा.

आता कंपन्या. तुमच्या तक्त्यात होत्या त्याच, इटलीची पार्दिनी, जर्मनीची वॉल्थर आणि फाइनवेर्कबाऊ, स्वित्झर्लंडची मोरिनी, जुन्या लोकांकडं हॅमर्ली. पार्दिनीचं एसपी, वॉल्थरचं जीएसपी आणि फाइनवेर्कबाऊचं एडब्ल्यू ९३ यांत मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची डबी, ट्रिगरच्या पुढं असतं, त्यामुळं तोल पुढं जातो आणि ग्रिप हवी तशी कोरायला मोकळी राहते. हॅमर्ली २०८ मध्ये मॅगझिन ग्रिपमध्ये असतं, ज्यांनी ते वापरलंय ते त्याच्या ट्रिगरबद्दल अजून बोलतात, पण ग्रिप बारीक करायला तिथं मर्यादा येते आणि लहान हातांसाठी तो मोठा मुद्दा आहे. युरोपात नवीन मॅच पिस्तुलाला दीड दोन हजार युरो तरी पडतात, आपल्याकडं हातात येईपर्यंत खर्च त्याहून पुष्कळ वर जातो. यातलं कुठलंही घेतलं तरी तुम्ही आणि मी जेवढं मारतो त्यापेक्षा ते अचूकच असणार. बाकावर बांधून मारलं तर सगळीच दहाच्या आत मारतात. म्हणून सगळ्यात चांगलं कुठलं या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. तुमच्या रेंजवर जे सगळ्यात जास्त लोक वापरतात ते घ्या असं मात्र मी सांगते, कारण पिन तुटली, केस बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर झिजला, रिकॉइल स्प्रिंग ढिली पडली तर शेजारच्याकडं सुटा भाग असतो आणि तो बसवायचं कसं हे माहीत असलेला माणूस पण असतो. माझ्या एका मैत्रिणीकडं वेगळ्याच देशाचं सुंदर पिस्तूल आहे, एका छोट्या स्प्रिंगसाठी ते पाच महिने कपाटात होतं.

यंत्र आहे, बिघडणारच. टोकियो ऑलिंपिकला जुलै २०२१ मध्ये मनू भाकरचं एअर पिस्तूल भर मॅचमध्ये बिघडलं, दुरुस्तीत मिनिटं गेली, ५७५ झाले आणि फायनल दोन गुणांनी हुकली. तीच मनू पॅरिसला दोन ब्राँझ घेऊन आली आणि पंचवीस मीटरला पात्रता फेरीत ५९० मारून फायनलमध्ये चौथी आली. तिच्याकडं सगळी व्यवस्था असताना असं होतं तर आपण निदान दोन मॅगझिन, एक जादा पिन आणि योग्य पान्यांचा सेट बॅगेत ठेवायलाच हवा. मॅगझिनचे ओठ वाकले की गोळी वर चढताना अडकते, सेमी ऑटोमधले निम्मे प्रॉब्लेम पिस्तुलाचे नसतात, मॅगझिनचे नाहीतर गोळीचे असतात.

गोळीबद्दल तुमच्या लेखात एक ओळ पण नव्हती हे मला खटकलं. ही पिस्तुलं ब्लोबॅकवर चालतात, म्हणजे बोल्टला कुठलं कुलूप नसतं, नुसतं त्याचं वजन आणि स्प्रिंग. काडतुसाचा धक्का बोल्टला मागं ढकलतो, केस बाहेर जाते, स्प्रिंग त्याला परत पुढं आणते. धक्का कमी पडला तर बोल्ट अर्ध्यात राहतो आणि केस उभी अडकते, धक्का जास्त झाला तर फ्रेमवर मार बसतो. म्हणून स्टँडर्ड व्हेलॉसिटीची, म्हणजे साधारण वेगाची गोळी, जास्त वेगाची हाय व्हेलॉसिटी नको. एली, आरडब्ल्यूएस, एसके, लापुआ ही गोळ्यांच्या कंपन्यांची नावं रेंजवर ऐकायला येतील, त्यातली कुठली तुमच्या पिस्तुलाला मानवते हे पिस्तूलच सांगतं. एकाच पिस्तुलात तीन कंपन्यांच्या पन्नास पन्नास गोळ्या मारा आणि किती वेळा अडकली ते वहीत लिहा. स्पर्धेत गोळी अडकली तर सिरीज पुन्हा मारायची मुभा नियमात मोजकीच आहे. आणि गोळ्यांचा वर्षाचा खर्च धरून बजेट करा. पिस्तुलात सगळे पैसे घालून नंतर महिन्याला शंभर गोळ्या मारणारी मुलं मी बघितलीत, त्यापेक्षा जुनं पिस्तूल आणि आठवड्याला दोनशे गोळ्या हे कितीतरी बरं.

सेकंडहँड घ्यायला माझा विरोध नाही, माझं तसंच आहे. पण विकणाऱ्याच्या लायसनवरनं कमी होऊन आपल्या लायसनवर नंबरासकट चढेपर्यंत ते आपलं नाही, तोपर्यंत घरी आणायचं नाही. लायसन खेळासाठी काढायचं तर क्लबची मेंबरशिप, स्पर्धांचे निकाल, असोसिएशनची शिफारस हे कागद आधीपासनं जमवत चला. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण लायसनधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात आणि लायसन पाच वर्षांचं झालंय, खेळाडूंसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, त्या आपल्या जिल्ह्याच्या ऑफिसात नीट समजून घ्या. ज्यांना हे सगळं आत्ताच नकोय त्यांनी एअर पिस्तूल मारावं, .१७७ बोअर आणि वीस जूलच्या आतल्या ताकदीच्या एअर पिस्तुलाला लायसन लागत नाही आणि तिथं शिकलेला ट्रिगर पुढं आयुष्यभर कामाला येतो. दोन वर्षं एअर पिस्तूल न मारता थेट पॉइंट टू टू मागणाऱ्याला मी परत पाठवते.

माझा भाचा टेक्सासला असतो. तो मागं सांगत होता की तिकडच्या रेंजवर काउंटरवरनं पिस्तूल तासाभरासाठी भाड्यानं मिळतं, त्यानं रुगर मार्क फोर, ब्राउनिंगचं बक मार्क आणि स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ४१ तिन्ही आळीपाळीनं मारून बघितली आणि मग बक मार्क घेतलं, कारण बाकीची दोन त्याच्या हाताला नीट बसली नाहीत. तिकडचा बंदुकीचा कायदा आपल्याकडं यावा असं मला अजिबात वाटत नाही, आपला कडक आहे तो बरा आहे. पण मारून बघून मग घ्यायचं ही एवढी एक गोष्ट आपल्या रेंजवर, आपल्या कायद्यात राहून, नक्की होऊ शकते. क्लबच्या नावावर हत्यारं असतातच. त्यात सगळी एकाच साइझच्या ग्रिपची न ठेवता एका पिस्तुलाला स्मॉल, मीडियम, लार्ज आणि डावखुरी अशा चार ग्रिप ठेवल्या तर केवढा फरक पडेल. ग्रिप म्हणजे लाकूड आहे, त्याला लायसन लागत नाही, पिस्तुलाच्या किमतीच्या मानानं ती स्वस्त आहे. जिल्हा असोसिएशननी वर्षातनं एक रविवार ठेवावा, ज्यांच्याकडं पिस्तुलं आहेत त्यांनी आपल्या देखरेखीखाली, फायरिंग पॉइंटवरच, नव्या मुलांना हातात देऊन बघू द्यावीत. मी माझं द्यायला तयार आहे. जुन्या मेंबरांपैकी पण काहीजण हो म्हणालेत, दोघं नाही म्हणाले, त्यांची काळजी मला समजते, लाखाची वस्तू आहे आणि जबाबदारी त्यांच्या लायसनवर आहे. म्हणून तर हे एकेकट्यानं करण्यापेक्षा असोसिएशननं नियम घालून करायला हवं.

एक गोष्ट हात जोडून सांगते. खेळाचं पिस्तूल घरात आलं म्हणून ते घराच्या रक्षणासाठी नाही. ते कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात, किल्ली मोठ्यांकडं. मुलीनं कितीही मेडल आणले तरी रेंजबाहेर ते उघडून पाहुण्यांना दाखवायचं नाही. आमच्याकडं नव्या मुलाला पहिला महिना नुसतं हेच शिकवतो, तोंड कायम टार्गेटकडं, बोट ट्रिगरच्या बाहेर, सांगितल्याशिवाय लोड नाही.

तर त्या मंगळवारच्या वडिलांचं सांगायचं राहिलं. मुलीचा हात कागदावर ठेवून पेन्सिलीनं रेघ मारली, मनगटापासनं मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजला, साडेसोळा सेंटिमीटर. क्लबचं पिस्तूल तिच्या हातात दिलं, डोळे मिटून उचलायला लावलं, दहातनं नऊ वेळा फोरसाइट खाचेच्या डाव्या भिंतीला. वडिलांनी स्वतः मागं उभं राहून मोजलं. मग माझं दिलं, ज्याची ग्रिप घासून घासून लहान केलीय, दहातनं सात वेळा मधोमध. त्यांनी कात्रण परत खिशात ठेवलं आणि विचारलं की अशी ग्रिप मिळते कुठं. आता सहा महिने ती क्लबचंच पिस्तूल मारेल, त्याच्यावर तिच्या मापाची वेगळी ग्रिप बसवून, आम्ही लाकूड आणलंय, येत्या रविवारी घासायला बसतोय. कर्जाचं नंतर बघू असं तिची आई म्हणाली.

तुम्हाला विनंती एवढीच की असा लेख परत कराल तेव्हा किमतीच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने टाका, ग्रिप कुठल्या कुठल्या साइझमध्ये मिळते आणि ट्रिगर किती मागंपुढं सरकतो. जागा कमी पडली तर फोटो लहान करा.

आपली,
एक वाचक आणि नेमबाज
कोल्हापूर